एटीव्हीच्या विंचला सिंथेटिक दोर: फक्त तार बदलून भागत नाही

मागच्या पावसाळ्यात गंगापूरजवळ मामांच्या शेतात आमची एटीव्ही रुतली. आठवडाभर पाऊस पडलेला, काळी माती, चारही चाकं अर्धी आत. पुढच्या विंचची तार बांधावरच्या बाभळीला लावली, बटण दाबलं आणि गाडी बाहेर आली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग तार परत गुंडाळताना मामांनी ती सवयीप्रमाणे मुठीतून जाऊ दिली. तारेतून बाहेर आलेला एक तुटका धागा सुती हातमोज्यातून थेट तळहातात शिरला आणि तार तर आत ओढली जात होती. मी वेळेत बटण सोडलं म्हणून हात ड्रमपर्यंत गेला नाही. चार टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, एवढ्यावर निभावलं.

त्याच आठवड्यात मी सिंथेटिक दोर मागवला. जुनी तार काढली, नवा दोर गुंडाळला. अर्ध्या तासाचं काम. मामा म्हणाले, "अरे, ही पतंगाची दोरी गाडी ओढणार का?" ओढली की! पण दीड महिन्यात तोच दोर दोन ठिकाणी अर्धा कापला गेला.

दोष दोराचा नव्हता, माझा होता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे एक लायब्ररी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेलं बाकीचं सगळं तपासावं लागतं, हे मला रोज माहीत असतं. विंचच्या बाबतीत मी तेच विसरलो. तारेसाठी बनवलेल्या विंचवर दोर चढवताना तार जिथे जिथे टेकते, घासते आणि तापते ती प्रत्येक जागा बदलावी किंवा तपासावी लागते. या लेखात तेच क्रमाने पाहू.

विंच काम कसं करतो?

एटीव्हीचा विंच म्हणजे 12 व्होल्टची मोटर, वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर आणि एक ड्रम. ड्रमवर तार गुंडाळलेली असते. तारेचं टोक झाडाला किंवा ट्रॅक्टरला लावायचं, मोटर चालू करायची, की गाडी स्वतःलाच ओढून घेते. गाडीच्या पुढच्या बाजूला तार जिथून बाहेर पडते त्या चौकटीला फेअरलीड म्हणतात. तारेच्या विंचवर तिथे चार रोलर असतात. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा घोटाळा इथेच होतो.

एटीव्हीवर सहसा 2500 ते 4500 पौंडांचे विंच असतात. 2500 पौंड म्हणजे साधारण 1134 किलो. पण हा आकडा ड्रमवर दोराचा फक्त पहिला थर असताना खरा असतो. थर वाढले की ड्रमचा घेर वाढतो आणि प्रत्येक थरामागे ओढ साधारण दहा टक्क्यांनी घटते. म्हणून जड काम असेल तर लांबचं झाड निवडा. जितका जास्त दोर बाहेर, तितका जोर जास्त.

रुतलेली गाडी काढायला किती जोर लागतो? अंदाज घ्यायची एक जुनी पद्धत आहे. चाकांपर्यंत रुतली असेल तर गाडीच्या वजनाइतका आणि मडगार्डपर्यंत रुतली असेल तर दुप्पट. एटीव्ही आणि चालवणारा मिळून 420 किलो धरले, तर मडगार्डपर्यंत रुतल्यावर 840 किलो झाले. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि चाकाला धरून बसते, म्हणून हिशोब नेहमी वरचाच धरावा.

तार आणि दोर: आकड्यांतला फरक

एटीव्हीवर नेहमी दिसणारी जाडी म्हणजे सुमारे 5 मिमी. या जाडीला चांगल्या प्रतीची स्टीलची तार आणि चांगल्या प्रतीचा बारा पदरी सिंथेटिक दोर यांची तुलना अशी:

- तुटण्याची मर्यादा: तार सुमारे 1900 किलो, दोर सुमारे 2450 किलो.
- एका मीटरचं वजन: तार सुमारे 97 ग्रॅम, दोर सुमारे 15 ग्रॅम.
- 15 मीटरचं एकूण वजन: तार जवळजवळ दीड किलो, दोर पाव किलोहून कमी.
- पाण्यात: तार बुडते आणि गंजते, दोर तरंगतो आणि गंजत नाही.
- हाताळणी: तारेला पीळ पडतो, धागे तुटून काट्यासारखे बाहेर येतात. दोर मऊ राहतो.
- उष्णता आणि धार: इथे तार जिंकते. दोर दोन्हींपुढे हरतो.

म्हणजे "सिंथेटिक तारेपेक्षा मजबूत" हे वाक्य खरं आहे, पण अर्धंच. सरळ ओढीत तो मजबूत आहे. धारदार कडेवरून ओढला तर नाही.

मग बदलायचं कशासाठी? तुटल्यावर काय होतं ते पाहा

ओढ बसलेल्या तारेत स्प्रिंगसारखी ऊर्जा साठलेली असते. ती तुटली की सगळी ऊर्जा एका क्षणात सुटते. स्टील जड असल्यामुळे तुटलेलं टोक चाबकासारखं फिरतं आणि त्याच्या वाटेत माणूस आला तर हाडापर्यंत जखम होऊ शकते. सिंथेटिक दोरही ताणला जातो, त्यातही ऊर्जा असते. पण त्याचं वजन तारेच्या सहाव्या भागाएवढंच असल्यामुळे त्याच्या फटक्यात तेवढा घाव बसत नाही आणि हवेतच त्याचा जोर लवकर ओसरतो.

इथे एक गैरसमज काढून टाका. "सिंथेटिक तुटला तर काहीच होत नाही" असं बरेच व्हिडिओ सांगतात. दोराचं जाऊ द्या, त्याच्या टोकाला लोखंडी हुक किंवा शॅकल आहे ना? दोर किंवा पट्टा तुटला तर तो हुक गोफणीतल्या दगडासारखा येतो. म्हणून दोर कुठलाही असो, ओढ चालू असताना त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, त्याला ओलांडायचं नाही आणि बघायला जमलेल्या पोरांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब ठेवायचं.

हा दोर बनतो कशाचा?

दुधाची पिशवी ज्या पॉलिथिनची असते, त्याच कुळातला हा दोर आहे. फरक साखळीच्या लांबीत आहे. पॉलिथिनचे रेणू म्हणजे लांब साखळ्या. पिशवीत त्या आखूड आणि गुंतलेल्या असतात. या दोरात त्या कितीतरी पट लांब असतात आणि सगळ्या एकाच दिशेने ताणून बसवलेल्या असतात. तुरीच्या काड्या विस्कटून टाकल्या तर सहज वाकतात, एका दिशेने लावून मोळी बांधली की वाकत नाहीत, तसंच काहीसं.

रेणू असे ताणून बसवण्याची रीत नेदरलँड्सच्या डीएसएम कंपनीच्या संशोधकांनी 1970 च्या दशकाच्या शेवटी शोधली आणि 1990 मध्ये डायनीमा नावाने व्यापारी उत्पादन सुरू झालं. 2022 पासून हा ब्रँड अमेरिकेच्या एव्हियंट कंपनीकडे आहे. म्हणजे डायनीमा हे एका ब्रँडचं नाव आहे, दोराच्या प्रकाराचं नाही. स्पेक्ट्रा हाही याच प्रकारचा धागा. जहाजं बांधण्याच्या दोरांत आणि मासेमारीच्या जाळ्यांतही हा धागा वापरतात.

या धाग्याची घनता 0.97, म्हणजे पाण्यापेक्षा थोडी कमी. म्हणून तो तरंगतो. आणि तो वितळतो साधारण 145 अंश सेल्सियसला. वितळण्याच्या बऱ्याच आधी, उकळत्या पाण्याच्या तापमानालाच, त्याची बरीच ताकद गेलेली असते. सतत वापरासाठी 70 अंश ही मर्यादा धरतात. हा 70 चा आकडा पुढे लागणार आहे.

दोराचे चार शत्रू

धार. वर्षानुवर्षं तार घासून रोलरवर खाचा पडतात, कडांना कंगोरे येतात. तारेला त्याचं काही वाटत नाही. दोराला ती करवत आहे. शिवाय तिरकं ओढलं की दोर दोन रोलरच्या मधल्या फटीत जाऊन चिमटतो. माझा पहिला दोर असाच गेला. मी जुने रोलर तसेच ठेवले होते.

उष्णता. बऱ्याच विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आतच असतो. ओझं लटकलेलं असताना दोर मोटरने बाहेर सोडला, तर तो ब्रेक घासून तापतो आणि ड्रमही तापतो. ड्रमला चिकटलेला पहिला थर आतून वितळतो आणि वरून काहीच दिसत नाही. एटीव्हीचा सायलेन्सर दोराजवळ असेल तर तोही शत्रूच.

ऊन. अतिनील किरणांनी धाग्याचा वरचा थर हळूहळू कमजोर होतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 च्या आसपास जातो तेव्हा उभ्या गाडीचं लोखंड हात लावता येणार नाही इतकं तापतं. शेडमध्ये गाडी ठेवा, नाहीतर विंचवर निदान एक कापडी खोळ तरी घाला.

चिखल. काळ्या मातीचे कण फार बारीक असतात. ते ओल्या दोराच्या पदरांत शिरतात, सुकतात आणि पुढच्या ओढीला आतून घासतात. पॉलिश पेपर दोराच्या पोटात ठेवल्यासारखं होतं.

कुणी बदलू नये?

सरसकट सगळ्यांनी बदला असं मी म्हणणार नाही. तुमचं काम रोज दगड ओढायचं, तोडलेली लाकडं फरपटत आणायचं किंवा मुरूम-खडकावरून दोर घासत नेण्याचं असेल, तर चांगली स्टीलची तार आणि जाड चामडी हातमोजे हेच योग्य. दोर वापरून झाल्यावर धुवायचा कंटाळा येणार असेल, तरीही तारच बरी. सिंथेटिक दोर कमी जखमा करतो, पण त्याच्याकडे लक्ष जास्त द्यावं लागतं.

खरेदीची यादी

- दोर: जुनी तार होती तेवढ्याच जाडीचा आणि लांबीचा. जास्त जाड घेतला तर ड्रमवर मावत नाही. पाकिटावर तुटण्याची मर्यादा छापलेली असावी आणि ती विंचच्या क्षमतेच्या निदान दुप्पट असावी. 1134 किलोच्या विंचला 2300 किलोंच्या पुढचा दोर.
- हॉस फेअरलीड: रोलरऐवजी बसणारी ॲल्युमिनियमची एकसंध, गोलाईदार पट्टी. घेण्याआधी बोल्टच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा. एटीव्हीवर ते सहसा सुमारे 124 मिमी असतं, मोठ्या साइड-बाय-साइड गाड्यांवर 152 मिमी.
- उष्णतारोधक नळी: ड्रमजवळच्या पहिल्या दोन-तीन मीटरवर चढवायची. बऱ्याच दोरांवर ती आधीच चढवलेली येते.
- घासणी-संरक्षक नळी: दोरावर पुढे-मागे सरकणारी. दोर दगडावर किंवा बांधाच्या कडेवर टेकतो तिथे ती आणून ठेवायची.
- झाडाचा रुंद पट्टा, शॅकल आणि चामडी हातमोजे.

खोटा माल ओळखायची एक सोपी पहिली चाचणी आहे. दोराचा तुकडा पाण्यात टाका. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. तुमचा बुडाला तर तो तुम्हाला हवा तो दोर नाही. पण तरंगला म्हणजे खरा असंही नाही, कारण बाजारातली स्वस्त प्लास्टिकची दोरी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तीही तरंगते. खऱ्या दोराचा स्पर्श मेणासारखा गुळगुळीत असतो.

फेअरलीड वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या लेथवाल्याकडून बनवून घेता येईल का? येईल. आपल्या शहरात तेवढं कौशल्य गल्लोगल्ली आहे. फक्त तोंडाची गोलाई मोठी ठेवायला सांगा, आतून पॉलिश करून घ्या आणि बोट फिरवून पाहा. कुठेही कड लागली तर परत करा.

बदलण्याची पद्धत

1. आधी मोबाईल काढा. तार ड्रमच्या वरून येते की खालून, त्याचे दोन-तीन फोटो घ्या. हे महत्त्वाचं आहे. विंचचा आपोआप लागणारा ब्रेक एकाच दिशेने ओझं धरतो. दोर उलटा गुंडाळला तर चढावर ब्रेक दगा देईल.

2. तार काढा. चामडी हातमोजे घाला. क्लचचा खटका मोकळा करून तार हाताने ओढून काढा. शेवटी ड्रमवर छोटा स्क्रू दिसेल, तो ॲलन कीने सोडवा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, म्हणजे पुढचं काम करताना चुकून बटण दाबलं गेलं तरी ड्रम फिरणार नाही. जुनी तार भंगारात द्या. गाडी ओढायला किंवा कुंपणाला ठेवू नका, तिचे काटे कुणाच्या तरी हातात जाणारच.

3. ड्रम तपासा. गंज आणि ग्रीस पुसून काढा. मग चिमूटभर कापूस घेऊन ड्रमभर आणि दोन्ही बाजूंच्या चकत्यांवर फिरवा. मराठवाड्यात कापूस शोधायला लांब जावं लागत नाही! जिथे धागा अडकेल तिथे कंगोरा आहे. आधी बारीक कानस, मग बारीक पॉलिश पेपर. कापूस कुठेही अडकणार नाही तोवर सोडू नका.

4. रोलर काढून हॉस बसवा. जुने रोलर घासून वापरू नका. हॉस बसवल्यावर बोल्टची डोकी आतल्या बाजूला दोराला लागत नाहीत ना, तेही पाहा. गाडीच्या बंपरच्या कडाही दोराच्या वाटेत येतात का, बघून घ्या.

5. दोर ड्रमला जोडा. दोराच्या टोकाला धातूची छोटी पट्टी किंवा कडी असेल तर तीच स्क्रूने बसवा. स्क्रूचं टोक थेट दोरावर घट्ट करायचं नाही, त्याने पदर कापले जातात. कडी नसेल तर विंचच्या किंवा दोराच्या माहितीपत्रकात दिलेली पद्धतच वापरा.

6. पहिले दहा फेरे. खरं ओझं तो स्क्रू धरत नाही. ओझं धरतात ड्रमवरचे फेरे, घर्षणाने. तारेला पाच फेरे पुरतात. दोर गुळगुळीत असल्यामुळे त्याला निदान दहा फेरे नेहमी ड्रमवर राहायला हवेत. दहावा फेरा संपतो तिथे लाल धाग्याची किंवा मार्करची ठळक खूण करा. खूण दिसली की दोर आणखी सोडायचा नाही.

7. ताण देऊन गुंडाळा. सगळ्यात जास्त वेळा गाळली जाणारी पायरी हीच. सैल गुंडाळलेल्या दोरावर जड ओढ आली की वरचा फेरा खालच्या फेऱ्यांत घुसतो आणि अडकून बसतो. हे टाळायला बॅटरी जोडा, थोड्या चढावर गाडी ठेवा, दोराचं टोक वरच्या बाजूच्या झाडाला किंवा ट्रॅक्टरला लावा आणि ब्रेक अगदी हलका दाबून गाडी विंचने वर ओढा. फेरे एकाला एक चिकटून बसले पाहिजेत. काम दोघांनी करा: एक बटणावर आणि गाडीवर, दुसरा बाजूला उभा राहून फक्त पाहणारा. हाताने दोर सरळ करायचा असेल तर आधी बटण सोडा. हात फेअरलीडपासून निदान एक मीटर लांब.

8. चाचणी. सपाट जागेवर दोन-तीन हलक्या ओढी घ्या. मग दोर पूर्ण सोडून बोटाने आणि डोळ्याने तपासा. कुठे पदर उचकटला असेल तर कंगोरा राहिलाय. परत पायरी तीनवर जा.

वापरताना

शेतात झाड नसेल तर ट्रॅक्टर हा सगळ्यात चांगला आधार. झाड असेल तर दोर थेट खोडाला गुंडाळून त्याच्याच हुकात अडकवू नका. दोरही जातो आणि झाडाची सालही. रुंद पट्टा वापरा.

ओझं दोराला झेपेल पण विंचला जड जाईल असं वाटलं, तर कप्पी वापरा. दोर झाडाजवळच्या कप्पीतून फिरवून परत गाडीला लावला की ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो आणि मोटर कमी तापते.

ओढ छोट्या टप्प्यांत घ्या आणि मध्ये थांबा. पूर्ण ओझ्यावर मोटर शंभराहून जास्त अँपिअर खेचते, एटीव्हीची छोटी बॅटरी ते फार वेळ देऊ शकत नाही. इंजिन चालू ठेवा. ओझ्याखाली दोर बाहेर सोडायची वेळ आली तर थोडाच सोडा. मग बटण सोडून, ओझं उतरवून ड्रमच्या बाजूला हात लावून पाहा. हात टिकत नसेल तर 70 अंश जवळ आलेत असं समजा आणि थांबा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. विंच आहे म्हणून विहिरीत माणूस सोडायला किंवा गाळाची बादली उचलायला तो वापरू नका. हा यंत्रप्रकार आडवं ओढण्यासाठी बनलेला आहे. त्याचा ब्रेक माणूस टांगण्यासाठी नाही. मामांनीही एकदा विचारलं होतं, आणि मी पहिल्यांदाच त्यांना तोंडावर "नाही" म्हणालो.

देखभाल आणि निवृत्ती

चिखलात वापरलेला दोर त्याच दिवशी पूर्ण सोडा. बादलीत साध्या पाण्यात, फार तर सौम्य साबणाने, हाताने दाबत धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, माती आणखी आत जाते. सावलीत वाळवा आणि परत ताण देऊन गुंडाळा. ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही, ते तारेचं औषध होतं.

महिन्यातून एकदा पूर्ण लांबी हातातून घालवा. वरून थोडी लव आली असेल तर घाबरू नका, ती उलट आतल्या पदरांचं रक्षण करते. पण खालील गोष्टी दिसल्या तर तो भाग कापून टाका किंवा दोर बदला:

- एखाद्या जागी जाडीचा साधारण पाव भाग झिजलाय.
- एखादा पूर्ण पदर तुटलाय.
- एखादी जागा कडक, चकचकीत, वितळून गोठल्यासारखी लागते.
- एका जागी दोर अचानक बारीक किंवा चपटा झालाय.

मध्येच तुटला तर गाठ मारून काम चालवू नका. गाठीने ताकद निम्म्यावर येते, आणि हा धागा इतका गुळगुळीत की गाठ सटकतेही. बारा पदरी दोर आतून पोकळ असतो, म्हणून त्याचं टोक त्याच्याच पोटात ओवून जोड करता येतो. त्याला स्प्लाइस म्हणतात. ओवलेला भाग जाडीच्या निदान 72 पट हवा, म्हणजे 5 मिमीच्या दोराला 36 सेंटीमीटर. नीट केलेला स्प्लाइस बहुतेक ताकद राखतो. घरी जुन्या तुकड्यावर चार-पाच वेळा सराव करा, चिखलात उभं राहून पहिल्यांदा शिकू नका.

नेहमीचे प्रश्न

थार, जिम्नी, जिप्सीला हेच लागू आहे का? तत्त्व तेच, मापं मोठी. दोर 9-10 मिमीचा आणि फेअरलीडच्या भोकांमधलं अंतर सहसा 254 मिमी. मात्र रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला बाहेरून लोखंडी गार्ड बसवण्याविरुद्ध केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. विंच बसवण्याआधी आरटीओत चौकशी करा. एटीव्ही तर शेतात किंवा खाजगी जागेतच चालवा.

स्पर्धांमध्ये काय चालतं? मलेशियात 1997 मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय आवृत्ती 2014 मध्ये गोव्यात, ऐन पावसाळ्यात सुरू झाली. अशा चिखलाच्या स्पर्धांत विंचशिवाय पुढे सरकता येत नाही आणि सहचालक दोराचं टोक घेऊन चढावर पळत असतो. तिथे सिंथेटिक दोराचं हलकेपण किती कामाचं, हे वेगळं सांगायला नको.

लोखंडी हुक ठेवू की सॉफ्ट शॅकल? सॉफ्ट शॅकल म्हणजे याच धाग्याचा, गाठीने बंद होणारा फास. दोर तुटला तरी हवेत उडायला लोखंड उरत नाही. शक्य असेल तिथे हाच वापरा. धारदार कडेच्या भोकात मात्र लावू नका.

शेवटी

दुसऱ्या वेळी मी हे सगळं क्रमाने केलं. एक रविवार गेला. त्यातला जास्तीत जास्त वेळ कापूस आणि पॉलिश पेपर घेऊन ड्रमपाशी बसण्यात गेला. तो दोर अजून चालू आहे. मामांच्या तळहातावर वण आहे आणि आता दोर मऊ असला तरी ते गुंडाळताना चामडी हातमोजे घालतात, हात लांब ठेवतात आणि पोरांना मागे हटवतात.

तुमच्या विंचला आज तारच असेल आणि बदलायचा विचार नसेल, तरी एक काम आजच करा. हातात जाड कापड घेऊन तार पूर्ण सोडा आणि एकदा पुसून काढा. कापड जिथे अडकेल, तिथे उद्या कुणाचा तरी हात अडकणार आहे.